पाऊण तास पुढे

मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. आता पावणेचार वाजले आहेत. म्हणजे माझ्यात. बाहेर किती वाजले, ते मित्रांनो, तुम्हीच बघा.

कारखान्यात मला एकच शिकवले होते : खरे सांगायचे.

परभणीच्या बाजारातून रंगनाथने मला पूर्णेला आणले, ते साल एक्क्याऐंशी. तो रेल्वेत सांधेवाला. गाडी यायच्या आधी रुळांचे सांधे बदलायचे. एक आठवडा सकाळपाळी, दुसरा दुपारपाळी, तिसरा रातपाळी. लोक मला पाहून उठतात. हा सकाळी आठला मला पाहून झोपायचा. मी गोंधळून जायचे.

उशीर नको, म्हणून तो मला पाऊण तास पुढे ठेवी. त्याचा डोळा लागला, की त्याची बायको लक्ष्मीबाई हळूच काटे मागे घेई. तेवढीच त्याला झोप.

"घड्याळ मागं पडायलंय," म्हणत तो मला हलवायचा. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. खरे काय, ते मीच विसरले.

मग त्यांच्या मुलीच्या, पंचफुलाच्या शाळेचे संमेलन आले. चार वाजता तिचे नाटक, अगदी पहिले.

"बाबा, यंदा तरी येताल ना?"

"येतो म्हणलं की!"

त्या दिवशी तो दोनला सकाळपाळी करून आला. स्टेशनच्या घड्याळावरून त्याने मला पहिल्यांदाच बरोबर लावले. "पोरीच्या कामाला खोटा टाइम कशाला," असे पुटपुटला. साडेतीनचा गजर लावून आडवा झाला.

लक्ष्मीबाईने त्याचा दमलेला चेहरा पाहिला. सवयीने मला पाऊण तास मागे केले आणि पंचफुलाला नटवायला शाळेत गेली.

मी बरोबर साडेतीनला वाजले. माझ्यातल्या साडेतीनला. तो धावत शाळेत पोचला, तेव्हा नाटक संपले होते.

संध्याकाळी पंचफुला घरी आली. गालावर काजळाच्या मिशा.

"दिसले का मी?"

"दिसलीस की. मागं हुबा होतो."

"मंग काय बनले होते?"

रंगनाथने माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार?

"हवालदार."

"बाबा! मी तुमीच बनले होते. झेंडी दाखवायची अन् झोपायचं. लोक लय हसले."

लक्ष्मीबाई खाली बघत म्हणाली, "काटे मीच मागं केलते. नेहमी पुढंच असतंय म्हून."

"अगं, आज बरोबर लावलं होतं."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"तू तरी सांगितलंस का कवा?"

मग रंगनाथ म्हणाला, "मिशा पुसू नको, बाय. आता करून दाव."

पंचफुला जमिनीवर आडवी झाली आणि घोरू लागली. तो हसत होता की आणखी काही, मला अजून कळलेले नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, वेळेवर किल्ली द्या. पण 'मी दमलोय', 'तू दमलीस', 'आज थोडे थांब ना', हे माझे काटे फिरवून एकमेकांना सांगू नका. तोंडाने सांगा. माझ्या काट्यांना ते पेलत नाही.