जाड आवाज

"आवं, पुढं नगा बसू. कान फुटत्यान तितं," दानम्मा नवऱ्याची बाही ओढत म्हणाली.

चन्नप्पाला तिचे हलणारे ओठ तेवढे दिसले. नेहमीसारखी मान डोलावून तो थेट पहिल्या रांगेत, काळ्या स्पीकरच्या पुढ्यात जाऊन बसला.

"सांगावं एक, करत्यात एक," पुटपुटत तीही टेकली.

चौसाळ्याच्या शाळेच्या मैदानावर उन्हे कलली होती. उसाअभावी यंदा सहकारी कारखान्याचे धुराडे पेटलेच नव्हते. कामगारांच्या पतसंस्थेने चारा छावणीच्या मदतीसाठी कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात वाजवायला येणार होती चन्नप्पाचीच लेक, गंगासागर. मोठ्या शहरांतले लोक म्हणे तिची बोटे पाहायला ताटकळत उभे राहतात. चन्नप्पाने तिला एकदाही ऐकलेले नव्हते.

आणि आता ऐकणार कसे? ऊस पिळणाऱ्या लोखंडी रुळांशेजारी त्याची उमर सरली होती. रुळांनी उसाबरोबर त्याच्या कानांतलेही सारे पिळून घेतले; आधी चिमण्या, मग बांगड्या, मग माणसांचे बोलणे. कारखाना थंडावल्यावर वाटले होते, कान परततील. परतले नाहीत. घरात त्याने हे कुणालाच कळू दिले नव्हते. मान डोलावली की भागत होते. पण आज लेक समोर येऊन विचारील, "अप्पा, कसं वाटलं?" तेव्हा कशावर मान डोलवायची?

कारखान्यातला त्याचा जोडीदार रामकिसन पलीकडे बसला होता. त्याला सारे ठाऊक होते. कानाशी तोंड नेऊन तो ओरडला, "पोरगी बेस वाजवती म्हन की बे!"

"तिचं तीच सांगती, मी बेस वाजवते म्हनून. आपल्याच तोंडानं आपली तारीफ कावून करावी मानसानं?" लेकीच्या या बढाईची चन्नप्पाला कित्येक वर्षे मनातून लाज वाटत आली होती.

रामकिसनला हसता हसता ठसका लागला. मग पुन्हा कानाशी येऊन तो ओरडला, "आरं येड्या, बेस म्हंजी झ्याक न्हाई. त्या गिटारीचं नावच हाय ते! जाड आवाजाची असती ती."

"जाड?"

"लई जाड. बोरच्या गाडीवानी."

चन्नप्पा ताठ झाला. कोरड्या शिवारात पाण्याचा ठाव शोधत घरघरणाऱ्या त्या गाड्या त्याला अजून ऐकू येत होत्या.

पडदा सरला. गाणाऱ्याचे तोंड पाण्याबाहेरच्या मासळीसारखे उघडमिट करू लागले. एका अंगाला गंगासागर खाली मान घालून उभी होती. तिचे बोट तारेवर पडले आणि खुर्चीच्या पायांतून काहीतरी चढत आले. नडगी, बरगड्या, छाती. आणि मग कानात, स्वच्छ, गोल, काळ्याभोर मातीसारखा एक सूर.

"हिचं तर कायबी कळंना बाई," दानम्मा रामकिसनला म्हणाली. "त्या गानाऱ्याचंच नुस्तं!"

मैदानभर लोक गाणे ऐकत होते. गाण्याखालून चालणारी लेक एकट्या चन्नप्पाला ऐकू येत होती.

मग बाकीच्यांनी हात आवरले. तिची बोटे एकटीच धावू लागली. सूर बारीक होत वर चढले आणि एकाएकी नाहीसे झाले. बोटे दिसत होती, आवाज नव्हता. विहिरीत बुडी मारलेल्या पोरीसाठी काठावर थांबावे तसा चन्नप्पा श्वास धरून बसला.

ती खाली आली. जाड, ओली, सगळीच्या सगळी. त्याने एवढा मोठा सुस्कारा टाकला की रामकिसनने वळून पाहिले.

कार्यक्रम संपल्यावर गंगासागर गिटार खांद्याला लावूनच खाली आली. तिचे ओठ हलले. चन्नप्पाने मान डोलावली नाही.

"मोठ्यानं बोल, सागर. मला ऐकू येत न्हाई. लई दिस झाले."

दानम्माचा हात तोंडावर गेला.

"पर तुला ऐकलं. वर गेलीस तितं हरवलीस. मंग घावलीस."

"अप्पा, सांगितलं कावून न्हाई?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मांडववाले थबकले.

तिने गिटार त्याच्या मांडीवर आडवी ठेवली, त्याचा पंजा लाकडावर दाबला आणि सर्वांत जाड तार छेडली. त्याचे डोळे मिटले.

मांडववाल्यांनी खुर्च्या गोळा केल्या. पुढची रांग उचलली, मागची उचलली. ती एक खुर्ची मात्र राहू दिली.