जित्या चुन्याचं माप

बशीतल्या चिमूटभर चुन्यावर पोपटरावांनी लिंबू पिळलं. चुना फसफसला.

"मेलाय," ते म्हणाले. "ताजा आसता तर गप पडला आसता."

"म्हणजे मी रोज चार चमचे घालतोय ते फुकट?" विक्रमने विचारलं.

"हवा प्याला की त्येचा खडू व्हतो, दादा. खडू पाण्यात इरघळत न्हाई."

एकतीस वर्षं साखर कारखान्यात पोपटरावांनी उसाच्या रसात चुना घातला होता. डावा डोळा त्यातच गेला. आता ते मांडवगण फराट्याला विक्रमच्या बंगल्यातली समुद्री माशांची टाकी सांभाळत. टाकीतली पोवळी वाढायला चुन्याचं पाणी लागे. विक्रमच्या आईनं, सुलक्षणाबाईंनी, तो चुना घट्ट डब्यातून काढून चिनी मातीच्या देखण्या बरणीत भरला. तिचं झाकण नुसतं टेकलेलं. त्यात नदीकाठची पावसाळी हवा. तीन आठवड्यांत पोवळी फिकी पडत गेली, आणि विक्रम एका चमच्याचे चार करत गेला.

टाकी खरं तर त्याच्या आजीसाठी होती. पक्षाघातानं मुक्ताबाईंची डावी बाजू गेली तेव्हापासून सकाळी आठला त्यांची खुर्ची टाकीसमोर लागे. उजव्या हाताच्या बोटांवर त्या सातही नारिंगी मासे मोजत. एखादा दडलेला असला तर तो दिसेपर्यंत चहा घेत नसत.

कुरिअरनं आलेला नवा चुना पोपटराव दौंडहून घेऊन आले. छोट्या कोरड्या डब्यांत भरून त्यांनी प्रत्येक झाकणाला चिकटपट्टी लावली.

"एका वक्ताला एकच डबी उघडायची. वला चमचा घालायचा न्हाई. आन् चमचा एकच. पांढरं खाली बसू द्यायचं, वरचं निवळ पानी थेंब थेंब सोडायचं. मेल्या चुन्याचं माप जित्याला लावू नगा."

"कळलं, मामा," विक्रम मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोपटराव उजवा डोळा तपासायला दौंडला गेले. दवाखान्याच्या बाकावर बसूनही त्यांचं लक्ष लागेना. अकराच्या सुमारास त्यांनी फोन लावला.

"सकाळीच, आजी उठायच्या आधी घातला," विक्रम म्हणाला. "पोवळी फार मलूल दिसली, म्हणून चारच चमचे ठेवले. ढवळून ओतला."

"समदा? गाळासकट?"

"रोज तसंच ओततो की."

"पानी कसं दिसतंय?"

"निघालो तेव्हा पांढरट होतं. बसेल खाली. मी शिरूरला आलोय."

"टाकीपाशी कोन हाय?"

"आजी आहे ना."

त्यांचा नंबर पुकारला गेला तेव्हा पोपटराव एस.टी. स्टँडकडे निघाले होते.

ते पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. सुलक्षणाबाई दारातच उभ्या होत्या. "सासूबाई सकाळपासून हलायला तयार नाहीत," त्या हळू म्हणाल्या. "जेवल्याही नाहीत."

टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. पंप चालूच होता. पोपटरावांनी तो बंद केला, बाह्या सारल्या आणि हात आत घातला. एकेक मेलेला मासा चाचपून काढून ते परातीत ठेवू लागले. सातवा सापडायला वेळ लागला. तो पोवळ्याच्या फटीत घट्ट शिरून बसला होता.

मुक्ताबाईंनी सातही मोजले.

"कुनी?" त्यांनी विचारलं. शब्द जड, पण स्पष्ट होता.

सुलक्षणाबाईंनी मान खाली घातली. पोपटरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"चुना म्या आनला व्हता, आक्का."

मुक्ताबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग चालत्या हातानं त्यांनी आपला पदर ओढून घेतला आणि पोपटरावांचा पांढरा पडलेला ओला हात सावकाश पुसायला घेतला.