ऱ्हा

महामायाच्या पायाला भिंगरीच होती. भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची. तेव्हापासून नुसता पत्रा वाजला तरी आई "पळ" म्हणायची आणि पोरगी पळायची. आता लातूरच्या शिकवणीत अशा पोरीला दिवसभर बाकावर डांबलेलं. मग ते पाय गप कसे राहतील? सारखे हलायचे, आणि शेजारच्या पोरी वैतागायच्या.

जीव रमायचा तो एका ठिकाणी, भुजंग सरांच्या साहस क्लबात. हिमालयातल्या शिबिराला क्लबातून एकच जण जाणार होता. सर म्हणाले, "सहस्रकुंडच्या धबधब्याला टोळी नीट सांभाळ, मग तूच." झालं! पोरीची झोपच उडाली.

इस्लापूरच्या पुढं, धबधब्याच्या बरंच वर, दोर धरून नदी ओलांडायची होती. पाणी कमरेएवढं, पण आवाज असा की ओरडल्याशिवाय काही ऐकू येईना. सगळे पार झाले. मागं राहिली सिद्धम्मा. देगलूरची, घरी तेलुगू बोलणारी, क्लबात नवी. सांगितलं की करणारी.

तेवढ्यात महामायाला दिसलं, आपल्या बाजूची गाठ सैल झालीय. थांब म्हणून ती ओरडली, "ऱ्हा! ऱ्हा!"

सिद्धम्मा पाण्यात उतरली.

"अगं, ऱ्हा की!" ती आणखी मोठ्यानं ओरडली. तशी सिद्धम्मा आणखी भराभर आली, मध्यावर घसरली आणि गाठ सुटली. महामायाला वाटलं, उडी घ्यावी. पण तिनं सुटलेला दोर कमरेला गुंडाळला आणि खडकाला पाय लावून खाली बसली. मागून टोळीतल्या वकारनं दोर ओढला. सिद्धम्मा काठाला लागली तेव्हा तिचे गुडघे सोलून निघाले होते.

"बहिरी हायस का गं? ऱ्हा म्हणलं ना!"

"आमच्यात रा म्हंजे ये," सिद्धम्मा कुडकुडत म्हणाली. "मला लई भ्या वाटलं. पण तू बोलावलीस."



खालच्या अंगानं सर धावत आले. "ही थांब म्हणत होती आणि तू पुढं? हुकूम मोडणारी पोरगी मला क्लबात नको. उद्यापासून येऊ नको."

सिद्धम्मानं मान खाली घातली.  महामाया गप्प राहिली असती तर हिमालय तिचाच होता. तिला तो हवाच होता, अगदी रडू येईल इतका.

"तिनं मोडला न्हाई सर," ती म्हणाली. "तिच्या बोलीत मी तिला ये म्हणले. कोणाला काय कळतं, ते मी आधी इचारलंच न्हाई."

 सरांनी तिच्या गळ्यातली टोळीप्रमुखाची शिट्टी काढून वकारच्या गळ्यात घातली. "शिबिराला हा जाईल." महामाया सगळ्यांदेखत रडली.

दोर पुन्हा बांधला. परत त्याच पाण्यातून जायचं होतं. वकारनं शिट्टी फुंकली, टोळी निघाली. सिद्धम्मा तेवढी हलेना. ती कधी बोलावते म्हणून महामायाच्या तोंडाकडं बघत उभी होती.