अर्धा आटा

"त्याला सांग, ढकलायचं म्हणजे खांदा लावायचा असतो. नुसता हात टेकवून उभं राहायचं नसतं," थोरला म्हणाला.

"त्याला सांग, खांदा लावूनच सालटी निघालीत माझी," धाकटा म्हणाला.

दोघे सख्खे भाऊ जीपच्या मागच्या फळीला टेकून उभे, मध्ये हातभराचं अंतर, आणि निरोप मात्र माझ्यामार्फत. मी पुढं स्टीअरिंगवर. मान बाहेर काढून मी म्हणालो, "ऐकलंत ना दोघांनी? मग ढकला आता. वस्त्यांवरचं दूध नासेल."

ढकलली त्यांनी. रात्रीच्या दवानं ओल्या झालेल्या मुरमावरून जीप कुरकुरत सरकली आणि उताराला लागली. मी क्लच सोडला. एक गचका, काळ्या धुराचा लोट, आणि इंजिन धडधडायला लागलं. मी उतरलो, थोरला बसला, धाकटा मागं रिकाम्या कॅनांजवळ बसला. दोघे डोंगराकडं गेले आणि मी घरी येऊन गार झालेला चहा प्यायलो. हे रोजचंच.

माझी त्यांच्या समोरच पिठाची गिरणी. सगळे मला तात्या म्हणतात, आणि काम पडलं की जरा जास्तच प्रेमानं म्हणतात. स्टीअरिंगवर मी का, तर दोघांपैकी जो बसेल तो कामचुकार, असं दुसऱ्याचं ठाम मत. म्हणून त्रयस्थ माणूस पाहिजे. रोज पहाटे अंथरुणातून उठायला त्रयस्थ माणूस म्हणजे मीच.

जीप त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेली. दारं नव्हती तेव्हाही, आताही नाहीत. पण चारही चाकांना ताकद, वरच्या वस्त्यांच्या गाळात दुसरं काही चढत नाही. वडील गेले, शेत वाटलं, घरात मध्ये भिंत आली. जीप तेवढी कापता येईना, म्हणून ती एकत्र राहिली. ती आणि त्यांची आई.

भांडणाचं मूळ म्हणाल तर एक दगड. मागं कधीतरी चाक काढताना जॅक घसरला आणि थोरल्याच्या पायाचा अंगठा चेचला. पुढच्या चाकाला लावलेला दगड कोणी काढला, यावरून जुंपली. थोरला म्हणतो धाकट्यानं, धाकटा म्हणतो तू लावलाच नव्हतास. अंगठा बरा झाला. बोलणं तेव्हापासून बंद.

जीपचं दुखणं असं, की सेल्फ लागत नव्हता. चावी फिरवली की नुसतं टक्. दर रविवारी दोघे सेल्फ खाली उतरवायचे, उघडायचे, डिझेलनं धुवायचे, कार्बन घासायचे, पुन्हा बसवायचे. रविवारी संध्याकाळी सेल्फ असा फिरायचा की बघत राहावं. सोमवारी सकाळी टक्. मी पण माझी अक्कल पाजळून घेतली. म्हटलं, दिवे लखलखीत लागतात म्हणजे बॅटरी ठणठणीत, दोष सेल्फमध्येच. सगळ्यांनी माना डोलवल्या.

मधल्या काळात धाकट्याच्या सासऱ्यानं त्याला दगडाच्या खाणीवर काम धरून ठेवलं होतं. सेल्फ दुरुस्त झाला की एक माणूस दुधाची फेरी सहज करतो. थोरला म्हणाला, "त्याला सांग, सेल्फ लागला की माझं मी बघेन, त्यानं खुशाल जावं." धाकटा म्हणाला, "त्याला सांग, सेल्फ लागला त्या दिवशी मी इथं दिसणार नाही." दोघांचं नाक सारखंच, वडिलांकडून आलेलं, आणि दोघांनाही ते खाली करता येत नाही.

एका रविवारी दिवेलागणीला मी त्यांचा हातोडा परत करायला गेलो, तर त्यांची आई जीपच्या बाजूच्या सीटखाली अर्धी शिरलेली. सीटखाली एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला पान्यांची पेटी. त्या पेटीत भुसा साचलेला, आणि त्यांच्या तपकिरी कोंबडीनं अंडी घालायला तीच जागा पसंत केलेली. म्हातारी रोज संध्याकाळी अंडी काढायला जायची, सगळ्यांना माहीत.

"मावशी, किती निघाली?" मी विचारलं.

ती दचकली. टोपलीत एक अंडं होतं आणि एक दहाचा पाना होता.

"पान्यानं काढतेस होय अंडी?"

ती सीटच्या कडेवर बसली. पदरानं हात पुसले. "बोंबलू नकोस, तात्या. बॅटरीच्या वायरचा नट अर्धा आटा फिरवून सैल केला. अर्धाच करायचा. दिवे लागतात, सेल्फ लागत नाही. जास्त केला तर दिवेही जातात आणि मग आंधळ्यालाही कळतं. यांचे वडील माझ्याकडूनच साफ करून घ्यायचे बॅटरी."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"अगं, मी रोज पहाटे उठतो!"

"मग? तुला पीठ दळायला उठायचंच असतं." मग ती हळूच म्हणाली, "एकमेकांचं तोंड बघत नाहीत रे. पण सकाळी खांद्याला खांदा लावून ढकलतात. मी खिडकीतून बघते. तेवढंच बघायला मिळतं मला. सेल्फ लागला की तेही गेलं, आणि धाकटाही गेला."

मला राग आला होता तो कुठं गेला कळलं नाही. मी हातोडा ठेवला आणि घरी आलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिची लेक आजारी पडली आणि शनिवारी म्हातारीला तिच्याकडं जावं लागलं. जाण्याआधी ती दळण घेऊन गिरणीत आली. डबा रिकामा करताना तळाशी दहाचा पाना. "अर्धा आटा," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, मला यात ओढू नकोस." ती पाना ठेवूनच गेली.

रविवारी नेहमीसारखा सेल्फ उतरवला. धाकट्यानं आधी बॅटरीची वायर काढायला घेतली. नट त्यानं चक्क बोटांनी फिरवला! आता याला कळणार. पण त्यानं नट खिशात टाकला आणि सेल्फकडं वळला. थोरलाही त्याच्या बोटांकडं बघत होता, तो आभाळाकडं बघायला लागला. आभाळात काही नव्हतं, कोरडं वारं सुटलं होतं आणि अंगणातली माती डोळ्यांत जात होती. मी म्हटलं, दोघे ठोंबे आहेत.

संध्याकाळी सेल्फ घर्रकन फिरला.

"झालं," थोरला म्हणाला. "त्याला सांग, सुटला तो."

"त्याला सांग, ट्रंक भरलेलीच आहे."

मी सांगितलं. दोघांपैकी एकाचाही चेहरा काम फत्ते झालेल्या माणसाचा नव्हता.

अंधारून आल्यावर मी पाना घेऊन गेलो. जाणार नव्हतो, पण गेलो. अर्धा आटा सैल केला, गिरणीच्या पायरीवर येऊन बसलो. जरा वेळानं थोरला आला, इकडंतिकडं बघत सीटखाली वाकला.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही. आई नाही ना, अंडी काढावीत म्हटलं." जन्मात या माणसानं अंडं काढलेलं नव्हतं. रिकाम्या हातानं परत गेला.

मग धाकटा. त्यानंही तेच सांगितलं. त्याच्या मागच्या खिशातून पान्याचं टोक बाहेर आलेलं. मी म्हटलं, "काढ, काढ." दुपारचा तो बोटांनी फिरवलेला नट मला आत्ता कळला. ठोंब्या कोण होता तेही कळलं.

सोमवारी सकाळी चावी फिरवली. टक् नाही. दिवा नाही. काहीच नाही. तिघांचा मिळून दीड आटा सैल झाला होता आणि वायर निघून बाजूला पडली होती. आरशात बघितलं तर दोघे गोंधळलेले. त्यांना टक् ऐकायचं होतं.

"त्याला सांग, सेल्फच गेलाय," थोरला घाईघाईनं म्हणाला.

"त्याला सांग, मीही तेच म्हणतोय. बॅटरी उघडायची काही गरज नाही."

इतक्या दिवसांत दोघांचं एकमत पहिल्यांदाच झालं. जीप ढकलली, डिझेलचं जुनं इंजिन बॅटरीशिवायही लागलं, दोघे गेले. ट्रंक ओसरीवर तशीच राहिली.

म्हातारी गुरुवारी परत आली, दुधाच्या जीपमधूनच. उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, "अंडी कोणी काढली रे माझ्या माघारी?"

"मी," थोरला म्हणाला. "मी," धाकटा म्हणाला. माझ्याही तोंडून "मी" निघून गेलं.

तिनं सीट उचलली. चार दिवसांची अंडी पेटीतच होती. म्हणजे डोंगरातल्या खडखडाटानंतर जी उरायची ती उरली होती. बलक सगळ्या पान्यांवर वाहून वाळलेला, भुसा चिकटलेला, टरफलं सगळीकडं. शेजारी बॅटरीची वायर मोकळी लोंबत होती.

ती तिघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. माझ्याकडं जरा जास्तच. "अर्धा सांगितला होता," म्हणाली.

मी परत द्यायला आणलेला पाना तिनं माझ्या हातून घेतला, वायर बसवली, दोन्ही हातांनी नट गच्च आवळला. मग चावी फिरवली. सेल्फ पहिल्या फेऱ्यात लागला. तिनं इंजिन बंद केलं आणि धाकट्याला म्हणाली, "हा बघ लागला. मी करत होते, आता नाही करणार. थकले मी. जायचं तर जा."

धाकटा ओसरीवरच्या ट्रंकेकडं बघत उभा राहिला. मग पेटीत वाकला, एक पाना उचलून नखानं खरवडायला लागला.

"गंजतील असे ठेवले तर," तो म्हणाला.

"डिझेल आण," थोरला म्हणाला.

"कुठं ठेवलंयस?"

"जुन्याच जागी. आणि ते घमेलं आण. मोठं."

धाकटा घमेलं घेऊन आला. दोघे जमिनीवर उकिडवे बसले आणि एकेक पाना धुवायला लागले. "बाराचा दे." "हा घे. वाकलाय जरा." "बाबांनी वाकवलेला तो." मी मधोमध उभा होतो, पण मला कोणी काही सांगायला सांगेना. म्हातारी खिडकीत जाऊन बसली. थोडा वेळ थांबून मी गिरणीत गेलो.

दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटे उठलो, तोंड धुवून त्यांच्या अंगणात गेलो. ओल्या मुरमावर चाकांचे ठसे होते, मागून ढकलणाऱ्या पावलांचे नव्हते.

"गेले दोघे," म्हातारी खिडकीतून म्हणाली. "कधीच."

मी घरी आलो. चहा गरम मिळाला. खरं सांगतो, तेवढा गोड नाही लागला.