बटन बंद करू नको

"येतो गं," म्हणत अप्पा आबिड्स भागातल्या आपल्या वकिली ऑफिसला निघाले, तेव्हा सायबर-तपासाच्या कामात गुंतलेल्या त्यांच्या लेकीने, प्रमिलाने, लॅपटॉपवरून मान न उचलता नुसतं "हूं" केलं. संध्याकाळी फोन आला. अप्पा खुर्चीतच गेले होते.

महिन्याभराने त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये खंडणी मागणारा व्हायरस शिरला. प्रमिला धावत पोचली, तोवर अप्पांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या टिपणांना एकेक करून कुलूप लागू लागलं होतं.

"ताई, बटनच बंद करते," त्यांची ज्युनियर भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"नक्को. नेटची वायर काढ फक्त. बंद केलंस तर मेमरीतली कुलूप उघडायची किल्ली जाईल, पुरावाही."

फायली जात राहिल्या. तरी प्रमिलाने आधी मेमरीची नक्कल उतरवली. तिच्यात किल्ली सापडली.

तिने शेवटचं टिपण उघडलं. अप्पांचा आवाज आला. "भाग्यलक्ष्मी, एवढं टाइप कर. येतो."

"सावकाश या, अप्पा," प्रमिला मोठ्याने म्हणाली.