मुंडी वर

"मावशी, डोकं खाली घाला की! किती वेळा सांगू?" काठावरून रुपाली मॅडमनं हाक दिली, आणि ते ऐकून रतननं मान आणखीच वर केली.

मी पोहण्याच्या तलावात तिच्या शेजारच्या पट्ट्यात कडेचा पाइप धरून पाय मारत होते. मला पोहता येत नाही, मी गुडघ्यांसाठी येते, त्यामुळे दुसऱ्यांचं पोहणं बघायला मला भरपूर वेळ असतो. रतन हनुवटी पाण्याबाहेर काढून, हात धपाधप आपटत पोहायची आणि तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटायची. बरं, सरळ जाईल तर शपथ. थोडं पुढं गेली की डावीकडे वळायची आणि गोल फिरून कुणाच्या तरी अंगावर जायची. सकाळच्या बायकांच्या बॅचमध्ये तिच्या नावानं रोज कुरकुर. "अगं, हा तलाव आहे, विहीर नाही," असं मीच एकदा खवचटपणे म्हणाले होते. तिला राग आला नाही. अंगाला वळणच विहिरीचं लागलंय, त्याला काय करू, म्हणाली.

रतन मूळची मंगळवेढ्याकडची. आमच्या गल्लीत कडक भाकऱ्या करून विकते. नवरा गेलेला, लेकीचं कॉलेज चाललेलं, सगळं घर त्या भाकरीवर. वर्षानुवर्षं परातीपुढं बसून कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं. लहानपणी पोहायची, पण नंतर साऱ्या जन्मात तिनं पाण्यात पाय घातला नव्हता. मीच तिला इथं ओढत आणलं. कंबर सुटली, पण उजवा खांदा धरला. हात वर नेला की आत काहीतरी चिमटायचं. एका सकाळी भाकरी थापताना हात अर्ध्यातच खाली आला आणि पीठ तसंच झाकून तिला गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली. खांदा गेला तर भाकरी गेली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आम्हाला शिकवणारी रुपाली पंचविशीची पोर, पण कामात चोख. तिनं बरेच दिवस रतनला हात मारूच दिले नाहीत, नुसते पाय मारायला लावले. मग काठावर बसवून समजावलं. मान वर धरली की कंबर बुडते, बुडू नये म्हणून हातानं पाणी खाली दाबावं लागतं, आणि तो सगळा भार खांद्यावर येतो. त्यापेक्षा तोंड पाण्यात, नजर तळाकडे, आणि श्वास घ्यायला अंगासकट कुशीवर वळायचं, म्हणजे हात मोकळा वर येतो. दुखलं की थांबायचं, हट्ट करायचा नाही. रतननं सगळं मान डोलावून ऐकलं, पाण्यात उतरली आणि पुन्हा मुंडी वर.

माझं डोकं फिरलं. कपडे बदलायच्या खोलीत मी तिला झापलंच. ती पोरगी घसा फोडून सांगते, तुला काय तोंड भिजायची भीती वाटते का, म्हटलं. आणि पोहताना ते पुटपुटणं कसलं?

रतन केसांना पंचा गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"मुंडी वर," ती म्हणाली. "मी न्हाय म्हनत, वैनी. दादा म्हंतोय."

मग तिनं सांगितलं. जोतिराम तिचा थोरला भाऊ. त्यानंच तिला मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. स्वतः काठावर बसायचा आणि एकच ओरडायचा, मुंडी वर. विहिरीत सरळ जायला जागा कुठली, ती कडेकडेनं गोल फिरायची. डब्याशिवाय पोहायला लागली त्याच उन्हाळ्यात पंपाच्या पाइपात खाली गाळ अडकला. तो काढायला जोतिरामनं बुडी मारली. मी येईस्तोवर फिरत राहा, मुंडी वर ठेव, एवढं बोलून गेला. ती फिरत राहिली. आभाळाकडं बघत, दादानं सांगितलं तसं. आई जेवण घेऊन आली आणि जोती कुठं आहे म्हणाली, तेव्हा ती थांबली.

"मी खाली बगितलंच न्हाय," रतन म्हणाली. "आता तोंड पान्यात घातलं, की तितंच आसंल तो. वर बगत."

दुसऱ्याला टोचून बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, पण त्या दिवशी मी तिचा अर्धवट राहिलेला पंचा घेऊन तिच्या केसांना गुंडाळून दिला.

मध्ये काही दिवस ती आली नाही. मग एका सकाळी आली आणि थेट उथळ पाण्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी पाइप सोडला आणि तिचे दोन्ही हात धरले. डोळे उघडे ठेव, मी इथंच आहे, म्हटलं. तिनं श्वास भरला आणि डोकं खाली घातलं. तिची पकड एवढी होती की माझी बोटं कळवळली. बुडबुडे आले, थांबले. मला भीती वाटायला लागली तेव्हा ती वर आली. तोंडावरून पाणी निथळत होतं.

"आत कुनीच न्हाय," ती म्हणाली. "नुसत्या निळ्या फरश्या हायेत."

मला वाटलं, सुटली बिचारी. पण तिचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता. कुणी गेल्याचं नुकतंच कळलेल्या माणसाचा होता. मी तिला धरून तशीच उभी राहिले.

आता तिचा खांदा बरा आहे. भाकरी थापताना हात थांबत नाही. पाण्यात ती तळाकडं बघत सरळ जाते, कुशीवर वळून श्वास घेते, पुटपुटत नाही. नव्या बायकांना रुपाली तिच्याकडं बोट दाखवून सांगते, मावशींसारखं पोहा. मी एकदा धीर करून विचारलं, दादा अजून म्हणतो का गं?

"न्हाय आता," ती म्हणाली. "कानात पानी जातंय की." आणि उगाच हसली.

पण रोज पाण्यात उतरायच्या आधी ती पायरीवर जरा थांबते. रबरी टोपी हातातच असते, कान उघडे असतात. मागं बायका खोळंबतात, कुणीतरी चला की मावशी म्हणतं. मग ती टोपी कानांवर ओढते, आणि डोकं खाली घालते.