गोधडीतली लेन्स

भिंगारच्या आमच्या चर्चची कीर्तनमंडळी लंडनला निघाली, तेव्हा चित्रीकरणाचं काम जेनिफरवर आलं. विमानात जवळ सात किलोच ठेवता येणार होतं. कॅमेरा आणि बॅटऱ्या पाठीवरच्या सॅकमध्ये बसल्या, पण मोठी लेन्स मोठ्या बॅगेत टाकावी लागणार होती. तीच फुटली, तर कीर्तन टिपायचं कशानं?

"आण इकडं," तबला वाजवणारे याकोबमामा म्हणाले. "तीस वर्षं बाजाची पेटी टेम्पोतून नेतोय. एक सूर हलला न्हाई."

त्यांनी लेन्स गोधडीत गुंडाळली आणि सुई-दोरा काढला. पेटीची गोधडी ते नेहमी शिवूनच टाकत.

"मामा, शिवू नका! तपासणीवाले उघडून बघतात. कापतील ना!"

"माझ्या आईची गोधडी कापतील?" मामांनी सुई खाली ठेवली. मग नाड्या लावून सुटी गाठ मारली, गोधडी बॅगेत मधोमध ठेवली आणि भोवती सगळ्यांचे झब्बे कोंबले. बॅग उचलून गदागदा हलवली. "ऐक. आवाज न्हाई. म्हंजे बांधणी पक्की."

"आता देवाचं नाव घ्या, मामा."

"ते आधीच घेतलं. झब्बे नंतर कोंबले."

लंडनला बॅग उघडली, तर आत बॅग उघडून तपासल्याची चिठ्ठी होती आणि मामांच्या सुट्या गाठीच्या जागी दुहेरी गाठ. लेन्सवर ओरखडासुद्धा नव्हता.

मामा गाठ निरखत राहिले. "लई मायेनं बांधलीय कुणीतरी."

संध्याकाळी कीर्तनाआधी त्यांनी त्या अनोळखी माणसासाठी प्रार्थना केली. त्या लेन्समधून जेनिफरनं पहिल्यांदा टिपली ती हीच प्रार्थना.